मिसिसिपीची शिरगणती: सहा हजार घटले की लाखभर सुटले?

१ एप्रिल २०२० या तारखेला धरून झालेल्या अमेरिकेच्या जनगणनेत मिसिसिपी राज्याची लोकसंख्या २९,६१,२७९ भरली. दहा वर्षांपूर्वी ती २९,६७,२९७ होती, म्हणजे ६,०१८ माणसं कमी. त्या दशकात पन्नासपैकी तीनच राज्यं घटली: वेस्ट व्हर्जिनिया, इलिनॉय आणि मिसिसिपी. आकडे पाहून राज्य रिकामं होतंय असं वाटणं साहजिक आहे. पण मे २०२२ मध्ये जनगणना ब्यूरोने आपल्याच मोजणीची फेरतपासणी जाहीर केली, आणि तिच्यानुसार मिसिसिपीत ४.११ टक्के माणसं मोजायची राहून गेली होती. जास्तीच्या नोंदी वजा करून उरलेली ही निव्वळ गळती आहे. वसतिगृहं, तुरुंग अशा ठिकाणचे रहिवासी या हिशेबात नाहीत. तरीही ती सव्वा लाखाच्या आसपास जाते. यातला चौथा हिस्सा जरी खरा धरला, तरी तो सहा हजारांच्या घटीच्या पाचपट भरतो. २०१० च्या फेरतपासणीत कुठल्याच राज्यात अशी ठळक चूक सापडली नव्हती. त्यामुळे 'मिसिसिपी आकसलं' हे वाक्य माणसांपेक्षा मोजणीबद्दलच जास्त सांगतं, असं म्हणायला जागा आहे.

मोजायचा राहिलेला माणूस राहिला हे कळतं कसं? त्यासाठी काही वस्त्या नमुन्यादाखल निवडतात आणि मूळ यादीकडे न पाहता तिथल्या घरांची नवी यादी करतात. २०२० मध्ये देशभरात अशी सुमारे १ लाख ६१ हजार घरं होती. प्रगणक विचारतो, '१ एप्रिलला इथे कोण राहत होतं?' आज कोण राहतं, हा प्रश्न इथे कामाचा नाही. मग नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता यांवरून दोन्ही याद्यांचा मेळ घालतात.

समजा, एका वस्तीत मूळ जनगणनेच्या बरोबर नोंदी ९० आहेत. फेरतपासणीत ८० माणसं सापडली आणि त्यांतली ७२ दोन्ही याद्यांत आहेत. म्हणजे फेरतपासणीतल्या माणसांपैकी ९० टक्के मूळ यादीत होती. मग मूळ यादीने साऱ्या वस्तीपैकीही ९० टक्केच पकडली असं धरायचं. ९० गुणिले ८० भागिले ७२, उत्तर १००. दहा जण सुटले. तळ्यातले मासे पकडून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा जाळं टाकून एकूण मासे किती ते काढायचं, तीच ही रीत. माणसांच्या नोंदींसाठी ती १९४९ मध्ये सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी मांडली, तीही बंगालमधल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या आधारे. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या अभ्यास संस्थेचे संचालक झाले.

हिशेब सोपा दिसतो, पण तो बिघडतोही पटकन. १ एप्रिलनंतर जन्मलेलं बाळ, त्याआधी वारलेले आजोबा, आईवडिलांच्या घरी आणि कॉलेजच्या गावी अशी दोनदा नोंद झालेली मुलगी, असं सगळं आधी गाळावं लागतं. नाहीतर ९० हा आकडाच फुगतो. एका यादीत 'विल्यम' आणि दुसरीत 'बिल' असेल आणि मेळ घालणाऱ्याला ते ओळखता आलं नाही, तर ७२ चे ७१ होतात. असे दोन जरी निसटले तरी उत्तर १०३ च्या जवळ जातं आणि नसलेली गळती दिसू लागते. तिसरी चूक याच्या उलट दिशेने होते. जो पहिल्यांदा सापडला नाही तो बहुधा दुसऱ्यांदाही सापडत नाही, कारण आज या नातेवाइकाकडे, उद्या त्या मित्राकडे असं त्याचं राहणं असतं. तरुण कृष्णवर्णीय पुरुषांच्या बाबतीत हे वारंवार दिसलं आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदींतून काढलेलं स्त्री-पुरुष प्रमाण वापरून ही कसर थोडीफार भरून काढतात.

मिसिसिपीत एवढी गळती का झाली? आपणहून माहिती भरून देणारी घरं इथे ६० टक्क्यांच्या आसपास होती, तर देशात ६७ टक्के. ग्रामीण भागात पुष्कळांची टपाल घरी येत नाही, पोस्टातल्या पेटीत येते. अशा घरांच्या दाराशी कर्मचाऱ्यांनी स्वतः जाऊन अर्ज ठेवायचे होते. ते काम मार्च २०२० च्या मध्याला सुरू झालं आणि कोविडमुळे १८ मार्चलाच थांबलं, ते थेट मे महिन्यापर्यंत. उत्तर न देणाऱ्यांच्या घरी जाण्याची मोहीम १५ ऑक्टोबरला संपली. दार उघडलं नाही तर शेवटी शेजाऱ्याला विचारतात. शेजारी सांगतो, 'दोघं राहतात.' आजीकडे ठेवलेलं दोन वर्षांचं नातवंड त्याला माहीतच नसतं. देशभरात पाच वर्षांखालच्या मुलांची गळती २.७९ टक्के होती, कृष्णवर्णीयांची ३.३०, तर हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) नसलेले गोरे उलट १.६४ टक्के जास्त मोजले गेले. कृष्णवर्णीयांचं प्रमाण सगळ्या राज्यांत मिसिसिपीतच सर्वाधिक, सुमारे ३७ टक्के. पण एवढ्यावर थांबता येत नाही. शेजारच्या अलाबामा आणि लुइझियानातही कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आहेत, तरी तिथे ठळक चूक आढळली नाही. आणि सर्वांत मोठी गळती, ५.०४ टक्के, आर्कान्सात निघाली.

काही घट मात्र खरीच आहे. राजधानी जॅक्सनची लोकसंख्या १,७३,५१४ वरून १,५३,७०१ झाली. फेरतपासणी शहरवार आकडे देत नाही, पण राज्याची सरासरी गळती जशीच्या तशी लावली तरी जॅक्सन १ लाख ६० हजारांच्या आसपासच पोहोचतं. त्याच दहा वर्षांत शेजारच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराला लागून असलेली डिसोटो काउंटी (जिल्हा) १,६१,२५२ वरून १,८५,३१४ वर गेली. डेल्टा, म्हणजे राज्याच्या वायव्येचा कापूस पिकवणारा सपाट भाग, तिथली ओहोटी तर फार जुनी. १८६० मध्ये इसाक्वीना काउंटीत ७,८३१ माणसं होती आणि त्यांतली ७,२४४ गुलाम होती. २०२० मध्ये तिथे १,३३८ उरली. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळ कापूस वेचणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं आणि पुढे हातांची गरज सरत गेली. शिकागोकडे जाणाऱ्या रेल्वेने माणसं आधीपासूनच निघाली होती, आता ओघ वाढला. जन्म भरपूर होत असूनही १९४० ते १९६० अशी वीस वर्षं राज्याची लोकसंख्या २१.८ लाखांवर अडकून राहिली.

फेरतपासणीने चूक दाखवली, तरी अधिकृत आकडा बदलत नाही. प्रतिनिधिगृहाच्या जागावाटपासाठी नमुन्यावरचे अंदाज वापरता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच दिला आहे. मिसिसिपीच्या चार जागा तशाही चारच राहिल्या असत्या. फटका पैशात बसतो. गरिबांच्या आरोग्यासाठी असलेल्या मेडिकेड योजनेत केंद्राचा वाटा राज्याच्या दरडोई उत्पन्नावर ठरतो, आणि मिसिसिपीसाठी तो तीन चतुर्थांशाहून जास्त आहे. राज्याचं उत्पन्न तेवढंच आणि माणसं कागदावर कमी, म्हणजे भागाकार मोठा येतो. राज्य आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतं आणि केंद्राचा वाटा त्या मानाने उतरतो. सूत्रात या दरडोई उत्पन्नाचा वर्ग (स्वतःशीच गुणाकार) घेतात, त्यामुळे उत्पन्न चार टक्क्यांनी जास्त दिसलं तर राज्याच्या वाट्याचा हिशेब आठ टक्क्यांनी वाढतो. दरवर्षीचे लोकसंख्येचे अंदाजही २०२० च्या एकूण आकड्यावरच उभे असतात. पुढची मोजणी १ एप्रिल २०३० ला आहे. तोवर पाया २९,६१,२७९ हाच.