सरासरी जास्त, म्हणजे विजय पक्का?

डार्ट्सची स्पर्धा जवळ आली की नागपुरात सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंतच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतो: ‘तीन डार्टांची सरासरी (दर तीन डार्टांमागे सरासरी किती गुण) ज्याची जास्त, तोच जिंकणार.’ समज स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे.

सामना गुणांवर नाही, लेगवर, म्हणजे त्यातल्या एकेका डावावर जिंकतात. प्रत्येक लेगमध्ये ५०१ वरून शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच, म्हणजे दुप्पट गुणांच्या भागातच लागला पाहिजे. कागदावर पडताळा. पाचपैकी तीन लेगचा सामना; पहिला, तिसरा, पाचवा लेग ‘अ’ सुरू करतो. दुसरा आणि चौथा तो १२-१२ डार्टांत जिंकतो. तिथे ‘ब’ दरवेळी १२ डार्टांत ३०० गुणच मिळवतो. उरलेल्या तिन्हींत ‘अ’ १२ डार्टांत ४० वर येतो, पण डबल २० वर तीनही डार्ट चुकतात. ‘ब’ पंधराव्या डार्टला लेग संपवतो. दोघांचे डार्ट ६९. सरासरी ‘अ’ची १०३.७, ‘ब’ची ९१.४. निकाल मात्र ३-२ असा ‘ब’च्या बाजूने!

सरासरी निरुपयोगी नाही. लांब सामन्यांत ती बरीच खरी ठरते. छोट्या फेरीत मात्र आधी डबलची टक्केवारी बघा, म्हणजे लागलेले डबल भागिले डबलवर फेकलेले डार्ट. मग लेग कोण सुरू करतो ते, कारण त्याला शून्यावर यायची संधी आधी मिळते.