औषधाचं घड्याळ

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना झोपेतून उठवून विचारलं तरी ते धडाधड म्हणून दाखवतात: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हे ‘फाइव्ह राइट्स’. पुढे त्यात बरोबर नोंद, बरोबर कारण अशी भर पडत गेली आणि काही पुस्तकांत ही यादी दहावर पोचली. पण मूळच्या पाचांतलं शेवटचं, म्हणजे वेळ, सगळ्यात हलक्यात घेतलं जातं असं मला वाटतं. भलत्याच रुग्णाला औषध गेलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. अर्धा तास उशीर झाला तर ‘एवढं काय बिघडलं?’ असं म्हणून पुढे जातो. बऱ्याच औषधांच्या बाबतीत खरंच काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत मात्र तेवढ्या वेळात रुग्णाची शुद्ध हरपते. कुठलं औषध कुठल्या गटातलं, हे ओळखायला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, समजलेली असावी लागते.

जेवणाआधीचं इन्शुलिन घ्या. सकाळी साडेसातला ग्लुकोमीटरवर साखर 210. ऑर्डरप्रमाणे रेग्युलर इन्शुलिनची 8 युनिट त्वचेखाली दिली. पाचही गोष्टी कागदावर चोख. आठला नाश्ता यायचा होता, पण तेवढ्यात रुग्णाला एक्स-रेसाठी खाली नेलं आणि तिथे रांग होती. दहाला तो परत येतो तेव्हा कपाळावर घामाचे थेंब, कॉलर भिजलेली, हात थरथरताहेत आणि नाव विचारलं तर भलतंच उत्तर. रेग्युलर इन्शुलिनचं काम साधारण अर्ध्या तासात सुरू होतं आणि दोन ते चार तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणजे साडेनऊपासून ते पूर्ण ताकदीने साखर खाली ओढत होतं आणि पोटात काहीच नव्हतं. साखर 70 च्या खाली गेलेली असते. गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा साखर बघायची. शुद्ध धड नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं लागतं. हाच रुग्ण बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिलं जाणारं, ठोके मंद करणारं औषध) घेत असेल तर छातीतली धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून घामाकडे लक्ष हवं. आणि इंजेक्शन देण्याआधी ‘नाश्ता कधी येणार, आणि मधे याला कुठे न्यायचं आहे का?’ हा प्रश्न विचारायला हवा. तो कुठल्याच छापील फॉर्मवर नसतो.

औषध शरीरात शिरतं, पसरतं, बहुतेक वेळा यकृतात मोडलं जातं आणि बरेचदा मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. या सगळ्याचा वेग एका आकड्यात पकडायचा तर हाफ-लाइफ. रक्तातलं औषधाचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ. एका हाफ-लाइफनंतर 50 टक्के उरतं, दुसऱ्यानंतर 25, तिसऱ्यानंतर साडेबारा. चार-पाच हाफ-लाइफमध्ये औषध जवळजवळ संपतं. नियमित डोस सुरू ठेवले तर रक्तातली पातळी स्थिरावायलाही तेवढेच चार-पाच हाफ-लाइफ लागतात. हा आकडा औषधागणिक किती बदलतो ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. अ‍ॅडेनोसिनचा दहा सेकंदांहून कमी, पॅरासिटामॉलचा दोन-तीन तास, हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनचा मूत्रपिंडं ठीक असताना सुमारे दीड दिवस, तर हृदयाची लय सांभाळणाऱ्या अमिओडॅरोनचा कित्येक आठवडे.

अ‍ॅडेनोसिन हे या यादीतलं सगळ्यात नाट्यमय औषध. एका विशिष्ट प्रकारे अनावर धावणारं हृदय ताळ्यावर आणायला ते देतात. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याला लगेच गिळून टाकतात, त्यामुळे हळूहळू दिलं तर ते हृदयापर्यंत पोचतच नाही. हृदयाच्या जवळची मोठी शीर, एक-दोन सेकंदांत पूर्ण डोस आणि पाठोपाठ सलाईनचा जोरदार फ्लश. मॉनिटरवरची रेघ काही क्षण सपाट होते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा स्वतःचाच ठोका चुकतो. छातीत काही क्षण घट्ट दाबल्यासारखं होईल, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवायचं.

याच्या अगदी उलट टोकाला फेनिटॉइन, फिट्सवरचं औषध. प्रौढांना शिरेतून मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने देता येत नाही, म्हणजे 1000 मिलिग्रॅमला निदान वीस मिनिटं. घाई केली तर रक्तदाब कोसळतो, ठोके अनियमित होतात. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या एका ग्रॅमला निदान तासभर लागतो. ते भरभर गेलं तर चेहरा-मान लालबुंद होऊन खाज सुटते. ही बहुतेक वेळा खरी अ‍ॅलर्जी नसते, वेगाची शिक्षा असते. पण केसपेपरवर कुणी ‘व्हँकोमायसिन अ‍ॅलर्जी’ लिहून ठेवलं की गरजेच्या वेळी एक मोलाचं औषध हातातून जातं. आणि पोटॅशियम क्लोराइडचं अ‍ॅम्प्यूल तर थेट सिरिंजमधून शिरेत द्यायचंच नाही, कधीच नाही, कारण हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. ते पातळ करून, सलाईनमधून, मोजलेल्या वेगाने. औषध बरोबर, डोस बरोबर, मार्गही बरोबर असून केवळ वेगामुळे माणूस दगावू शकतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

हाफ-लाइफ कळली म्हणजे सगळं कळलं असं मानायलाही जागा नाही. अ‍ॅस्पिरिन रक्तातून पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं. पण जाता जाता ते प्लेटलेटमधलं (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींमधलं) एक एन्झाइम कायमचं बंद पाडून जातं आणि प्लेटलेटला नवीन एन्झाइम बनवता येत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. म्हणून ऑपरेशनआधी ‘काल गोळी घेतली नाही’ हे उत्तर पुरेसं नसतं.

नॅलॉक्सोनची गोष्ट याच्या उलट आणि जास्त घातक. मॉर्फिन जास्त झालं, श्वास मिनिटाला सहावर आला, मॉर्फिनवरचा उतारा म्हणून नॅलॉक्सोन दिलं. दोन मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो, बोलतो. सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो आणि मॉर्फिनचा त्याहून लांब चालतो. तासाभराने नॅलॉक्सोन ओसरतं, मॉर्फिन अजून तिथेच असतं आणि श्वास पुन्हा मंदावू लागतो. आता मात्र खाटेपाशी कुणी उभं नसतं. रुग्ण शुद्धीवर आला की पुढचे काही तास त्याचे श्वास मोजत राहायचे, ते यासाठी.

डिगॉक्सिनचा धडा तर सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये फॉक्सग्लव्ह या, डिगॉक्सिनच्या कुळातली औषधं जिच्यातून मिळतात त्या, वनस्पतीवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. डोस जास्त झाल्यावर काय होतं ते त्याने नोंदवलं आहे: मळमळ, उलट्या, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला 35 इतकी मंद. पोट, नाडी, मूत्रपिंड किंवा आतडी, यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागला की औषध थांबवा, असं त्याचं सांगणं होतं. आजची नर्स प्रौढ रुग्णाला डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते आणि ते 60 च्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना कळवते. ती तेच करत असते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण अनियमित ठोके त्यातून निसटतात. सोबत फ्रुसेमाइड (लघवी वाढवणारं, त्यातून पोटॅशियम घालवणारं औषध) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियमही बघायचं. ते कमी झालं की नेहमीचाच डोस विषासारखा वागू लागतो.

मग प्रत्येक गोळी मिनिटाच्या काट्यावर द्यायची का? अमेरिकेत असा हट्ट धरून पाहिला गेला. ठरलेल्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे तीस मिनिटांत औषध गेलंच पाहिजे, असा नियम होता. सुरक्षित औषधवापरावर काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने 2010 मध्ये सुमारे 18,000 नर्सेसना त्याबद्दल विचारलं. तीस मिनिटं गाठण्याच्या नादात तपासण्या गाळल्या जातात, आडमार्गाने कामं उरकली जातात आणि चुका होतात, हे त्यातून पुढे आलं. 2011 मध्ये नियम सैल झाला. खरोखर वेळेला बांधलेली औषधं वेगळी काढून त्यांच्यापुरती तीस मिनिटं ठेवावीत आणि दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीला दोन तासांची सवड द्यावी, असं मार्गदर्शन त्याच संस्थेने केलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा अर्धा तास लांबली तर तो खुर्चीतच थिजून बसू शकतो. त्याच फेरीतली व्हिटॅमिनची गोळी तासाने गेली तरी कुणाचं काही अडत नाही.

उशीर झाला तर झाला, पण तो लिहायला हवा. डिगॉक्सिन पोटातून रक्तात येतं आणि मग सावकाश पेशींमध्ये उतरतं. ते उतरायच्या आत रक्त काढलं तर पातळी खोटी जास्त दिसते, म्हणून डोसनंतर निदान सहा तास थांबून नमुना घेतात. समजा चार्टवर छापलंय सकाळी 8. नर्स दुसऱ्या खाटेपाशी अडकली आणि गोळी प्रत्यक्षात गेली 9:40 ला. सवयीने तिने 8 च्या रकान्यात सही केली. दुपारी 2 ला रक्त गेलं आणि लॅबमधून फोन आला: 2.6, म्हणजे धोक्याच्या पातळीत. डॉक्टर चार्ट उघडतात, आठ ते दोन असे सहा तास मोजतात आणि आकडा खरा मानून संध्याकाळी उद्याची गोळी बंद करतात.