खापरपणजोबांचा शोध : काम देण्याआधी हे वाचून घ्या

बरेच जण दोन गोष्टी गृहीत धरूनच आमच्याकडे वंशावळ शोधून घ्यायला येतात. जुन्या जनगणनेत खापरपणजोबांचं नाव सापडेल आणि उरलेलं डीएनए सांगेल. पैसे भरण्याआधी दोन्हींबद्दल स्पष्ट बोललेलं बरं.

मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-वर्धा-भंडारा ज्यात होते त्या इंग्रजी अमलातल्या प्रांतात, १८६६ साली शिरगणती झाली. पुढे १८७२, १८८१ आणि मग दर दहा वर्षांनी. पण हाती राहिले ते फक्त आकडे : किती घरं, किती माणसं, कोणत्या जातीची, कोणत्या धंद्याची. घरोघरची नावं लिहिलेली पत्रकं जपली गेली नाहीत. इंग्लंडमध्ये मात्र १८४१पासूनची नावनिशीवार पत्रकं पाहता येतात. नागपूरजवळच्या कामठीच्या लष्करी छावणीत आलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाचं मूळ शोधायचं असेल, तर तो रस्ता कामाचा.

आपली भिस्त कोतवाल बुकावर, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीवर. गावात कोणी जन्मलं किंवा वारलं की कोतवाल, म्हणजे गावचा सरकारी चाकर, वर्दी द्यायचा. नोंद एका ओळीची : तारीख, मौजा (गाव), बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, आडनावही नसतं. ‘महादू वल्द गोविंदा’ (गोविंदाचा मुलगा महादू) एकाच गावात तीन निघतात! म्हणून त्याच मौज्याचे बंदोबस्ताचे (जमीन मोजून सारा ठरवल्याचे) जुने कागद, मालगुजारीतल्या (सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडच्या) शेतांच्या नोंदी आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शेजारी ठेवून माणूस पक्का करावा लागतो. काही कागद मोडी लिपीत असतात. त्यांच्या वाचनाचे पैसे वेगळे. जिल्हाही तपासावा लागतो. वर्धा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. त्यामुळे आजच्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात खेपा घालून हात हलवत परतणारे पुष्कळ.

आता डीएनए. खापरपणजोबांचा वाटा आपल्यात सरासरी सव्वासहा टक्के असतो, तोही नावाची चिठ्ठी चिकटवून येत नाही. चाचणी फक्त इतकं सांगते, की अमुक व्यक्ती आणि आपण एका रक्ताचे आहोत. त्यासाठी त्या व्यक्तीनेही चाचणी केलेली हवी, आणि आपल्याकडे ती फार थोड्यांनी केली आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरिक आणि मामाच्या मुलीशी लग्नं, त्यामुळे दूरचं नातंही जवळचं भासतं. वाय-गुणसूत्र मात्र बापाकडून मुलाकडेच जातं. दोन भाऊबंदांच्या शाखा खरंच एका पुरुषापासून निघाल्या का, हा वाद असेल तर ती चाचणी आम्ही सुचवतो. एरवी नाही. जात पडताळणीसाठी तर डीएनएचा विचारही करू नका. तिथे कागदच लागतो.

पहिल्या भेटीला थुंकीचा नमुना नको. मूळ गावाचं नाव, तेव्हाची तहसील, घरातले जुने सातबारे आणि टी.सी. आणा. शिवाय कुटुंबातल्या सर्वांत वयस्क आत्याला सोबत आणता आलं तर फारच उत्तम. निदान तिचा फोन नंबर तरी आणा.