दायमाबाद

दायमाबाद (दैमाबाद) : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील एक ओसाड गाव व ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड या दोहोंची हत्यारे वापरली जात त्या काळातील) स्थळ. गोदावरीची उपनदी प्रवरा हिच्या डाव्या काठावर ते आहे. गावाची पांढर म्हणजे सु. ५ मी. जाडीचा वस्तीचा थर. भोवती काळी कसदार जमीन आहे. वर बघण्यासारखे बांधकाम उरलेले नाही. या स्थळाचे मोल सगळे मातीखाली आहे आणि ते जाणून गेल्यासच ही जागा काही सांगते.

बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये हे स्थळ उजेडात आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे येथे तीन वेळा उत्खनन झाले : १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४ मध्ये शि. रं. राव आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली. स्थळाचा कालानुक्रम मुख्यत्वे साळींच्या कामावर उभा आहे. त्यांनी खालून वर पाच सांस्कृतिक कालखंड दाखविले : सावळदा, उत्तर हडप्पा (हडप्पा म्हणजे सिंधू संस्कृतीचा उतरता टप्पा), दायमाबाद, माळवा व जोर्वे. साळींनी पहिल्या दोहोंचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. २३०० ते १८०० यांदरम्यान मानला असून शेवटचा जोर्वे कालखंड इ. स. पू. १४०० ते १००० असा धरतात. ‘दायमाबाद संस्कृती’ हे मधल्या कालखंडाचे नाव तिच्या पिवळसर-पांढुरक्या खापरांवरून ठरले.

उत्तर हडप्पा कालखंडात वस्ती सु. २० हेक्टरांवर पसरली होती. सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या दोन गोल मुद्रा, चिन्हे कोरलेली काही खापरे आणि कच्च्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यातील एक दफन, हा येथील पुरावा. विटांचे प्रमाण ४:२:१ हे हडप्पा परंपरेतले आहे. दख्खनमध्ये इतक्या दक्षिणेला हडप्पा संस्कृतीच्या इतक्या ठळक खुणा अन्यत्र मिळालेल्या नाहीत.

ब्राँझ शिल्पे : १९७४ मध्ये एका ग्रामस्थाला झाडाच्या मुळाशी खणताना चार भरीव ओतीव शिल्पे सापडली. बैलजोडीचा रथ व त्यात उभा पुरुष (लांबी सु. ४५ सेंमी.), रेडा (उंची सु. ३१ सेंमी.), हत्ती (सु. २५ सेंमी.) आणि गेंडा (सु. १९ सेंमी.) असा हा संच आहे. एकूण वजन ६० किग्रॅ. पेक्षा जास्त भरते. रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या बैठकीला आसासाठी जागा आहे, पण चाके गहाळ आहेत. त्यामुळे ही शिल्पे मिरवणुकीत ओढली जात असावीत, असा तर्क केला जातो.

त्यांच्या काळाविषयी एकमत नाही. संच शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळालेला नाही, हे वादाचे मूळ होय. देशपांडे, राव व साळी यांनी तो उत्तर हडप्पा काळाचा मानला. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे लक्ष वेधले : शिल्पांत आर्सेनिक १ टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून ती ऐतिहासिक काळातीलही असू शकतील. हा आक्षेप बाजूला सारण्याजोगा नाही. मात्र तो दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंना जितका लागू पडतो तितका हडप्पा संस्कृतीला पडत नाही, कारण मोहेंजोदडो येथील काही ताम्रवस्तूंत आर्सेनिक लक्षणीय प्रमाणात मिळाले आहे. हत्ती, गेंडा व रेडा हे तिन्ही प्राणी मोहेंजोदडोच्या तथाकथित ‘पशुपती’ मुद्रेवर एकत्र येतात आणि धातूच्या लहान गाड्या हडप्पा व चन्हुदडो येथेही मिळाल्या आहेत. त्या मानाने आकार व वजन मात्र पूर्णतः वेगळे पडते : मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तिकेची ब्राँझमूर्ती जेमतेम १०.५ सेंमी. उंच आहे. एवढे तांबे तांब्याच्या खाणी नसलेल्या या मुलखात कोठून आले, हा प्रश्न कोणताही काळ मानला तरी उरतोच. उपलब्ध पुराव्याचा कल उत्तर हडप्पा काळाकडे अधिक झुकतो, इतकेच म्हणता येते.

माळवा कालखंडातील काही वास्तूंत साळींनी अग्निकुंडे व एक अर्धवर्तुळाकार टोकाची धार्मिक वास्तू ओळखली. तिचा धार्मिक अर्थ सर्वांनी स्वीकारलेला नाही. जोर्वे काळात वस्तीभोवती बुरूज असलेली मातीची तटबंदी होती. कुंभाराची भट्टी आणि घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले याच थरांत मिळाली. इनामगाव (पुणे जिल्हा) येथे आढळतो तसा उत्तर जोर्वे काळ, म्हणजे जोर्वे संस्कृतीचा नंतरचा टप्पा, मात्र येथे नाही : इ. स. पू. १००० च्या सुमारास वस्ती उठली. पर्जन्यमान घटल्याने असे झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रवरेच्याच काठी, वरच्या अंगाला संगमनेर तालुक्यात जोर्वे हे गाव आहे. तेथील १९५०-५१ च्या उत्खननातून या संस्कृतीला नाव मिळाले. खालच्या अंगाला नेवासे असून तेथील पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे.