शेतकऱ्याची बंदूक आणि खुनाचा आकडा

निवडणूक जाहीर झाली की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण भागांतल्या शेतकऱ्यांना परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. विधानसभेची गेली दोन मतदाने, 2017 आणि 2022 ची, फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन काजूच्या हंगामाच्या तोंडावर. रानडुकरे आणि माकडे बागायतीत शिरतात तेव्हा राखण करायला हातात काही उरत नाही. एवढे करून गुन्हे खरेच घटतात का, हे शेतकऱ्यांनी विचारणे रास्त आहे.

आपल्याकडचे शस्त्रकायदे मुळात खून रोखण्यासाठी जन्मले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा कायदा आला तो 1857 च्या धास्तीतून. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. पोर्तुगीज गोव्याचा कारभार वेगळा, पण तिथल्या राज्यकर्त्यांची भीती तीच होती. 1852 मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठलेल्या दीपाजी राणे यांनी सत्तरीतला नाणूसचा किल्ला घेतला. 1895 मध्ये मोझांबिकला जायला नकार देणारे पोर्तुगीज सैन्यातले मराठा शिपाई बंड करून त्याच नाणूसला गेले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. बंदूक कोणाच्या हाती आहे यावर सत्ता टिकते, हे पणजीच्या सरकारला पुरते कळले होते.

काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला होता. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो पुन्हा मांडला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि तो मूलभूत हक्कांत आला नाही. पुढे 1959 चा शस्त्र कायदा झाला, आणि 1961 च्या मुक्तीनंतर गोवाही भारतीय कायद्यांखाली आला. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली.

जगाचा अनुभव एका ओळीत मावत नाही. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये पोर्ट आर्थरला एका बंदूकधाऱ्याने 35 जण मारल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीने होणारे मृत्यू, विशेषतः आत्महत्या, कमी झाल्या. पण खुनांचे प्रमाण आधीपासूनच उतरत होते, म्हणून श्रेय किती द्यायचे यावर अभ्यासक अजून भांडतात. ब्रिटनने 1997 मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली, तरी पुढची काही वर्षे एकूण खून वाढतच राहिले.

मला सर्वांत बोलके वाटते ते अमेरिकेतले मिसुरी राज्य. पिस्तूल घेण्याआधी परवाना हवा, ही अट तिथे 2007 मध्ये रद्द झाली. त्यानंतर बंदुकीने होणारे खून वाढल्याचे संशोधकांना आढळले. इतर हत्यारांनी होणाऱ्या खुनांत तशी वाढ नव्हती. म्हणजे बंदूक घेणारा माणूस तपासला जातो की नाही, याने फरक पडतो. चोरी, मारामारी, फसवणूक यांचा आकडा मात्र शस्त्रकायद्याने हलेल ही अपेक्षाच चुकीची; त्यांची कारणे वेगळी आहेत.

भारतात 2022 मध्ये खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. त्यांतले बरेचसे सुरी, कोयता, दांडा यांनी केलेले असतात. बंदुकीने झालेल्या खुनांतही बहुतेक शस्त्रे विनापरवाना असतात, म्हणजे देशी कट्टे, ज्यांची पोलीस दप्तरात नोंदच नसते. सत्तरीतल्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना, नाव, पत्ता सगळे सरकारकडे आहे. आदेश नेमका तिलाच लागू होतो.

निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार कोणाच्या बंदुका जमा करायच्या हे ठरवायला छाननी समिती असते, आणि उच्च न्यायालयानेही सरसकट जप्ती नको, माणसागणिक विचार करा असे बजावले आहे. जामिनावर सुटलेला, दंगलीत नाव असलेला परवानाधारक वेगळा आणि काजूची राखण करणारा वेगळा. ही निवड प्रत्येक अर्ज वाचून करायची असते, आणि ती हंगाम उलटण्याआधी झाली तरच उपयोगाची.