गाडी उडते आणि डोळे भरून येतात

गगनचुंबी इमारतीची काच फोडून एक लाल गाडी बाहेर झेपावते आणि हवेतून थेट शेजारच्या टॉवरमध्ये शिरते. ब्रेक लागत नाहीत, म्हणून मग तिथूनही तिसऱ्या टॉवरमध्ये. ‘फास्ट अँड फ्युरियस’ या अ‍ॅक्शनपटांच्या मालिकेतल्या सातव्या भागातलं, २०१५ सालच्या ‘फ्युरियस ७’मधलं हे अबू धाबीतलं दृश्य. आधार सुटलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर आणि दोन सेकंदांत जवळपास २० मीटर, म्हणजे पाच-सहा मजले खाली येते, हे शाळेत शिकलेलं गणित तेव्हा कुणालाच आठवत नाही. आठवलं तरी चालतं. उलट ते मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं, म्हणूनच तर मजा येते.

त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा अकरा महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बाळांना खेळण्यातली गाडी काठावरून पुढे सरकूनही अधांतरी राहिलेली दिसली, तर काहींना चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसला. नंतर ती खेळणी त्यांच्याच हातात दिली. गाडीवाल्या बाळांनी ती खाली टाकून पाहिली आणि चेंडूवाल्यांनी तो आपटून पाहिला. अशक्य ते दिसलं की लक्ष तिथे खिळतं, ही खोड बोलता येण्याआधीपासूनची. थिएटरातली टाळी त्याच खोडीची मोठी बहीण म्हणायला हरकत नाही.

पण नुसत्या उड्यांनी डोळे ओले होत नाहीत. मी स्वतः अशा सिनेमांत पाऊण तास धडामधुडुम पाहून झाल्यावर, दोन माणसं काही न बोलता शेजारी बसली आहेत एवढ्यावर रडलो आहे. हा हळवेपणा येतो कुठून?

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं असं: शरीर एकदा तापलं की लगेच थंड होत नाही. प्रसंग बदलला की मन पटकन नव्या प्रसंगात जातं, पण नाडी आणि श्वास मागेच रेंगाळतात. ही उरलेली धग मग पुढच्या भावनेच्या खात्यात जमा होते आणि ती भावना आहे त्याहून तीव्र वाटते. १९७५ साली त्याने सहकाऱ्यांसोबत लोकांना व्यायामाची सायकल चालवायला लावून नंतर कामुक चित्रपटाचे तुकडे दाखवले. व्यायामानंतर लगेच दाखवले तर विशेष फरक पडला नाही, कारण धाप कशामुळे लागली आहे हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. शरीर पूर्ण शांत झाल्यावरही नाही. मधल्या अवस्थेत मात्र, जेव्हा ‘आता मी ठीक आहे’ असं वाटतं पण शरीर अजून ठीक झालेलं नसतं, तेव्हा परिणाम सर्वात जास्त दिसला.

आता चांगल्या अ‍ॅक्शनपटाची मांडणी आठवून पाहा. शेवटचा स्फोट झाला रे झाला की अश्रू येत नाहीत. आधी धूळ बसते, कुणीतरी एखादा फुटकळ विनोद करतं, आपण खुर्चीत मागे टेकतो. मग तो शांत प्रसंग येतो. दिग्दर्शकांनी झिलमन वाचला असेल असं मला वाटत नाही. ही वेळ त्यांना एडिटिंगच्या टेबलावरच सापडली असावी.

धग पडद्यावरच्या हाणामारीतून मिळाली, तरी ती ओतायला कुणीतरी आपलं माणूस लागतं. सीक्वेलची खरी कमाई ती हीच. डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलं होतं की पडद्यावरच्या व्यक्तींशी प्रेक्षक एकतर्फी का होईना, पण ओळखीचं नातं जोडतो. पहिल्या भागाला ही ओळख शून्यातून करून द्यावी लागते. सातव्या भागात नुसता दरवाजा उघडून कोण आत आलं यावर थिएटरात शिट्ट्या पडतात.

‘फ्युरियस ७’चं चित्रीकरण अर्धवट असताना, नोव्हेंबर २०१३ मध्ये, मालिकेतला एक प्रमुख नट पॉल वॉकर कार अपघातात गेला. राहिलेल्या दृश्यांत त्याचे दोन भाऊ उभे राहिले आणि चेहरा संगणकाने बसवला. शेवटी दोन गाड्या काही काळ शेजारी धावतात आणि मग रस्त्याला फाटा फुटतो. तिथे ना स्फोट ना उडी. २००१ सालच्या पहिल्या भागापासून, म्हणजे चौदा वर्षं ओळखीचा असलेला माणूस दुसऱ्या रस्त्याने निघून जातो, एवढंच.

पुढे २०२१ सालच्या नवव्या भागात गाडी थेट अवकाशात गेली, आणि आधीच्या भागांत मेलेलं एक पात्र जिवंत परतलं. अवकाशातली गाडी मला अजिबात खटकली नाही. पात्र परत आलं तेव्हा मात्र, त्याच्यासाठी पूर्वी वाटलेली हळहळ कुणीतरी परत मागतंय असं वाटलं.