अँटेनाचे अर्थिंग व सर्ज संरक्षण

छतावरचा किंवा खांबावरचा अँटेना, त्याची केबल आणि तिला जोडलेली घरातील उपकरणे विजेच्या लाटेपासून वाचवण्याची व्यवस्था. टीव्हीचा अँटेना, डिश, हौशी रेडिओचा मास्ट (उंच खांब), वाय-फायचा बाहेरचा रेडिओ, सगळ्यांना तत्त्व एकच.

अँटेनावर थेट वीज कोसळणे विरळा. उपकरणे बहुधा आसपास पडलेल्या विजेने केबलमध्ये उठलेल्या सर्जमुळे (क्षणिक, उंच व्होल्टेजच्या लाटेमुळे) जळतात. विजेचा प्रवाह साधारण ३० किलोअँपिअरच्या घरात असतो आणि काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाहापुढे तारेच्या रोधापेक्षा तिचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) भारी पडते. सरळ तारेत ते दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढला तर एकाच मीटरवर १० किलोव्होल्टचा फरक पडतो. म्हणून अर्थिंगची तार आखूड आणि सरळ हवी. उरलेल्या तारेचे वेटोळे करून बांधले किंवा ती काटकोनात वळवली, तर जाड तार घेतल्याचा फायदा बराचसा वाया जातो. जाडीसाठी आयईसी ६०७२८-११ हे आंतरराष्ट्रीय मानक पाहतात : मास्टच्या अर्थिंगला तांब्याची किमान १६ चौरस मिमी, केबलच्या जाळीच्या (बाहेरच्या धातूच्या थराच्या) समविभव जोडणीला, म्हणजे सगळे धातूभाग एकाच व्होल्टेजवर ठेवणाऱ्या जोडणीला, ४ चौरस मिमी.

सर्वांत घातक चूक म्हणजे अँटेनासाठी वेगळा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) करून तो घराच्या अर्थिंगला न जोडणे. विजेतले नुसते ५ किलोअँपिअर १० ओहमच्या पिटमध्ये उतरले तरी मास्ट ५० किलोव्होल्टवर जातो, घराचे अर्थिंग मात्र खालीच राहते. मधला फरक केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून पॉवर सप्लायमार्गे मुख्य अर्थिंगकडे वाट काढतो. पिट किती ओहमचा यावर फार खल होतो. दोन्ही अर्थ जाड तारेने एकमेकांना जोडलेले आहेत का, हे आधी पाहावे.

अरेस्टर, म्हणजे सर्ज अर्थकडे वळवणारे साधन, केबल घरात शिरते तिथेच, मुख्य अर्थिंगला जोडलेल्या पट्टीवर बसवतात. केबलची जाळीही तिथेच अर्थ करतात. नुसत्या रिसिव्हरला ९० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब (त्या व्होल्टेजला पेटून, म्हणजे वाहक होऊन, सर्ज अर्थकडे सोडणारी वायूची नळी) चालते. ट्रान्समीटरला ती चालत नाही : ५० ओहमवर १०० वॉटचे शिखर १०० व्होल्ट असते, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप) बिघडला की आणखी चढते, आणि ट्यूब प्रक्षेपणातच पेटते. तिथे २३० किंवा ३५० व्होल्टची घेतात. क्वार्टर-वेव्ह स्टब (पाव तरंगलांबीचा, टोकाला अर्थ केलेला वाहकाचा तुकडा) जातीचा अरेस्टर डीसी शॉर्ट करतो, त्यामुळे एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या रिसिव्हरला) केबलमधूनच वीज जात असेल तिथे तो निरुपयोगी. पीओई केबलला (डेटाबरोबर वीजही नेणाऱ्या नेटवर्क केबलला) दोन्ही टोकांना प्रोटेक्टर लागतो. एकच लावला तर दुसऱ्या टोकाचे उपकरण उघडे पडते. मुख्य बोर्डावरच्या सर्ज प्रोटेक्टरच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवतात.

जोडकामात झाळकाम नको, मोठ्या प्रवाहाने ते वितळते. दाबून बसवलेले लग आणि क्लॅम्प वापरावेत. जस्ताच्या मुलाम्याच्या खांबावर उघडे तांबे टेकवले की ओलाव्यात जस्त झिजते; मध्ये स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प किंवा कथील चढवलेला लग घालतात. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, नाहीतर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत सॉकेटपर्यंत येते.

वीजवाहक तारांपुढे अरेस्टर काहीच करत नाही. मास्ट अँटेनासकट आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, अशीच जागा निवडावी.

थेट तडाख्यात उपकरण वाचेलच असे नाही, म्हणून वादळापूर्वी केबल घराबाहेरच सोडवून ठेवतात आणि उपकरणाचा प्लगही काढतात. सुटे टोक खोलीत ठेवले तर ठिणगी तिथून उडते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये. गॅस ट्यूब आणि व्हॅरिस्टर (सर्ज प्रोटेक्टरमधला, व्होल्टेज वाढले की वाहक होणारा भाग) प्रत्येक झटक्यागणिक थकतात आणि बाहेरून धड दिसत राहतात. जवळ वीज पडल्याची खात्री असेल तर ट्यूब बदलतात. व्हॅरिस्टर निकामी झाल्याचे प्रोटेक्टरवरच्या छोट्या खिडकीतल्या रंगावरून कळते, पण अशी खिडकी प्रत्येक प्रोटेक्टरला असतेच असे नाही.